डारमॉक, जलाद आणि पऱ्हाटीचं औषध

मंडळी, ह्या शनिवारी थोडं भांडायचं आहे. भांडण आहे एका जुन्या टीव्ही एपिसोडवरून. ज्यांना सायन्स फिक्शनचं वावडं आहे त्यांनी लगेच पळू नका, शेवटी गाडी आमच्या मारेगावच्या वावरातच येणार आहे.

एपिसोडचं नाव 'डारमॉक'. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ह्या मालिकेच्या पाचव्या सीझनचा दुसरा भाग, अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला ३० सप्टेंबर १९९१ ला. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. पण इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ज्याच्या हार्ड डिस्कमध्ये स्टार ट्रेक नव्हतं त्याला आम्ही इंजिनिअर मानत नव्हतो, त्यामुळे वयाचा प्रश्न नाही. :)

ऑफिसात आजही हा विषय निघाला की कुणीतरी हुशार माणूस तेच एक वाक्य फेकतो. "च्यायला, असली भाषा असू शकते का? ह्या लोकांनी स्पेसशिप कसं बांधलं? पाना-पेचकस मागायचा असेल तर काय पुराण सांगत बसतात का?" सगळे हसतात, चहा संपतो, विषय संपतो. मला ह्याच हसण्याशी भांडायचं आहे. कारण ते हसणं एपिसोडचा मुद्दा चुकवतं, आणि तोच मुद्दा आपण सगळे, म्हणजे सॉफ्टवेअरवाले, सरकारवाले, कंपनीवाले, रोजच्या आयुष्यातही चुकवतो. आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

आधी गोष्ट थोडक्यात. टामेरियन नावाचे परग्रहवासी. शंभर वर्षांत सात वेळा त्यांची नि माणसांची गाठ पडलेली, सातही वेळा कुणाला काही कळलं नाही. भांडण झालं असंही नाही, नुसतंच कळलं नाही. आता 'एंटरप्राइज'चा कप्तान पिकार्ड बोलणी करायला जातो. त्याच्याकडे युनिव्हर्सल ट्रान्सलेटर आहे. समोरच्याचा शब्द न् शब्द तो भाषांतरित करून देतो. आणि ऐकू काय येतं? "डारमॉक आणि जलाद, तनाग्राला." शब्द सगळे कळले, अर्थ शून्य. कारण टामेरियन लोक फक्त दृष्टांतानं बोलतात. त्यांच्या पुराणातला प्रसंग सांगायचा, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ज्याला पुराण माहीत नाही तो ठार बहिरा.

मग टामेरियन कप्तान डॅथॉन एक अचाट काम करतो. पिकार्डला आणि स्वतःला खालच्या निर्जन ग्रहावर उतरवतो आणि त्याच्यापुढे एक खंजीर धरतो. पिकार्डला वाटतं, हा द्वंद्वाला बोलावतोय. खरा मामला वेगळाच असतो. त्या ग्रहावर एक हिंस्र प्राणी आहे आणि डॅथॉनला दोघांनी मिळून त्याच्याशी लढायचं आहे. डारमॉक आणि जलाद तनाग्राला असेच अनोळखी म्हणून आले, एका श्वापदाशी लढले आणि दोस्त होऊन परतले. डॅथॉनचा हिशोब सरळ आहे. आपल्याकडे सामायिक गोष्ट नाही ना? मग चला, एक घडवू.

त्यात तो मरतो. ही झाली गोष्ट.

आता पाना-पेचकसवाल्यांचा समाचार. बाबांनो, टामेरियन भाषा अशक्य म्हणता तेव्हा स्वतः काय बोलता ते जरा ऐका. प्रोजेक्ट बुडाला की "पानिपत झालं". मॅनेजरनं अर्धवट खरं सांगितलं की "नरो वा कुंजरो वा". कुणी ईमेलमधला एक शब्द फिरवला की "ध चा मा". सरळ कामाला उलटा वळसा घातला की "द्राविडी प्राणायाम". अंगावर दागिना नसलेली बाई "लंकेची पार्वती". गरीब मित्रानं प्रेमानं आणलेली भेट म्हणजे "सुदाम्याचे पोहे". एखाद्या परदेशी क्लायंटला ह्याचं शब्दशः भाषांतर करून पाठवा. त्याला कळेल की कुण्या सुदामा नावाच्या माणसानं नाश्ता आणला आहे. दोन मित्र, एक राजा, एक दरिद्री, त्या दरिद्र्याचं लाजून पुरचुंडी लपवणं आणि राजानं ती ओढून घेणं, ह्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. आपण अर्धे टामेरियन आहोतच. आणि आपणही रॉकेटं उडवतो.

पण हे झालं भाषेचं. माझा खरा मुद्दा भाषेचा नाहीच. एपिसोडमध्ये यानावर मागे राहिलेले डेटा आणि ट्रॉय कॉम्प्युटरवर शोधाशोध करून बरोबर ओळखतात, की हे लोक दृष्टांतानं बोलतात. म्हणजे व्याकरण सुटलं. तरी त्यांची गाडी पुढे सरकत नाही, कारण डारमॉक कोण हे कळलं तरी त्या वाक्यानं समोरच्याला काय वाटतं ते कळत नाही. ते कळतं फक्त पिकार्डला. तो अंधारात थंडीनं कुडकुडत होता, डॅथॉननं त्याला आपल्या शेकोटीतला विस्तव दिला, आणि दुसऱ्या दिवशी तोच डॅथॉन त्याच्यासमोर घायाळ होऊन पडला. डेटाला माहिती मिळाली. पिकार्डला मित्र मिळाला. शिष्टाई दुसऱ्यानं होते, पहिल्यानं नाही.

आपल्याकडे तर ह्या कामासाठी शब्दच आहे, कृष्णशिष्टाई. तीही एक दृष्टांतच की! ती फसली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हजारो वर्षांनी आपण तिला 'फसलेली मीटिंग' म्हणत नाही, मान देऊन नाव घेतो. कारण कृष्णानं दूत पाठवून भागवलं नाही. स्वतः कौरवांच्या दरबारात गेला, जिथं त्याला बांधून ठेवायचा बेत शिजला होता तिथं. निरोप कुणीही पोचवतो. स्वतःची मान पुढे करतो तो शिष्टाई करतो.

आता चला मारेगावला.

आमचं मारेगाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीकडून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर. तालुक्याचं गाव. चहूकडे कापूस. पुण्यात त्याला कापसाचं झाड म्हणतात, आमच्याकडे पऱ्हाटी. शेतकऱ्याला म्हणतात कास्तकार. आणि पऱ्हाटीवर जे कीटकनाशक फवारतात त्याला म्हणतात औषध. "औषध मारलं का भाऊ?" "हो, काल्लच मारलं." हा आमचा पावसाळ्यातला नमस्कार.

आणि ह्याच शब्दाचं दुसरं वाक्य आहे. "त्यानं औषध घेतलं." ह्याचं भाषांतर तुमच्या युनिव्हर्सल ट्रान्सलेटरला विचारा. तो सांगेल, त्या माणसाने औषधाचा डोस घेतला. आमच्याकडे मात्र हे वाक्य ऐकल्यावर कुणीही "कोणत्या डॉक्टरचं?" असं विचारत नाही. बाया पदर तोंडाला लावतात. माणसं चपला घालून निघतात. कर्ज, बुडालेला हंगाम, मुलीचं लग्न, सगळं त्या तीन शब्दांत आलं. मंडळी, हे डारमॉक नाही तर काय आहे?

आता २०१७ आठवा. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास कास्तकार आणि मजूर मेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, कित्येकांची नजर अधू झाली. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, किडीचा जोर, दोन-तीन औषधं एकत्र मिसळून फवारलेली, पंपातून निघणारा बारीक तुषार तोंडावर येणारा. एसआयटी नेमली गेली. बातम्या झाल्या. आणि मग ते नेहमीचं वाक्य आलं: "बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं. ह्यांनी सेफ्टी किट घातला नाही."

हो, लिहिलेलं असतं. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे प्रत्येक डब्यावर रंगाचं चौकटचिन्ह असतं. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. आत घडी घालून एक पत्रक असतं, अनेक भाषांत, मुंगीच्या अक्षरात. म्हणजे भाषांतर झालेलं आहे. ट्रान्सलेटर चालू आहे. कायद्यानं सांगायचं ते सांगून झालं.

पण रंगांची ही यादी एखाद्या कास्तकाराच्या डोळ्यानं वाचून बघा. ज्याच्या सगळ्या आयुष्यात हिरवं म्हणजे पीक, हिरवं म्हणजे यंदा बरं चाललंय, त्याला तुम्ही हिरव्या रंगात सांगताय की हेही विषच आहे, जरा कमी. निळ्याचा अर्थ 'मध्यम धोका' हे कुठल्या गोष्टीत आलंय? कुठल्या पुराणात, कुठल्या ओवीत? हे चिन्ह ज्यानं ठरवलं त्याच्या डोक्यात एक तक्ता होता. वाचणाऱ्याच्या डोक्यात तो तक्ता नाही. पिकार्ड आणि डॅथॉन पहिल्या भेटीत एकमेकांकडे बघत बसतात ना, अगदी तसं. फरक इतकाच, की पिकार्डनं "मी सगळं नीट सांगितलं होतं, त्याला समजलं नाही तर तो जाणे" असा रिपोर्ट लिहिला नाही.

आणि किट! रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, अंगभर कोट. सप्टेंबरचं दमट ऊन, पाठीवर भरलेला पंप, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत वारा नाही. रोजानं फवारणाऱ्या मजुराला दिवसाकाठी ठरलेलं काम उरकायचं असतं. तो कोट घालून एक तास काम करून दाखवा, मग बोलू. एपिसोडमध्ये सगळ्यात वाईट क्षण कुठला आहे माहितीये? प्राणी हल्ला करतो, पिकार्ड आणि डॅथॉन दोघं मिळून लढायला लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी वरून यानावरची मंडळी मदत म्हणून पिकार्डला उचलायचा प्रयत्न करतात. पिकार्ड अधांतरी अडकतो, डॅथॉन एकटा पडतो आणि प्राणघातक जखमी होतो. वरच्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. खाली काय चाललंय ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडे २०१७ नंतर किट वाटले गेले. हेतू चांगलाच होता.

मग कास्तकार ऐकतो तरी कुणाचं? कृषी केंद्रवाल्याचं. तो म्हणाला हे औषध मार, की मारलं. आपण शहरातले लोक ह्याला अडाणीपणा म्हणतो. अजिबात नाही. कृषी केंद्रवाला त्याला उधारी देतो, त्याच्या पोराचं नाव जाणतो, हंगाम बुडाला तर दोघंही अडकतात. दोघांची एक सामायिक गोष्ट आहे. पत्रक छापणाऱ्याची आणि कास्तकाराची नाही. संबंध असलेल्याचं ऐकलं जातं, मग तो विकायला आलेला का असेना. ही माणसाची रीत आहे, ह्यात अडाणीपणा कुठं आला?

अजून एक पदर आहे. मारेगाव तालुक्यात कोलामांची पोडं आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. महाराष्ट्रात केंद्र सरकारच्या यादीत तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूह आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, शेजाराचं आहे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वा लाखाच्या वर निघाले. भाषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे, एमेनो ह्या अमेरिकेत शिकवणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ चं आहे. म्हणजे व्याकरण सत्तर वर्षांपूर्वी सुटलंय! तरी ती आठव्या अनुसूचीत नाही, आणि पोडावरच्या बाईला दवाखान्यात आजही दुसऱ्याच्या भाषेत आपलं दुखणं सांगावं लागतं. डेटा आणि ट्रॉयला जे कळतं ते कळून काय होतं, ते हे.

आता आपल्या धंद्यातले मित्र लगेच म्हणतील, "अरे, हा तर सॉल्व्ह होणारा प्रॉब्लेम आहे." सरकारचं 'भाषिणी' २०२२ ला आलं. २०२५ मध्ये 'आदि वाणी' आलं, त्यात गोंडी आहे. उद्या कोलामीही येईल. येऊ दे, मी टाळ्या वाजवीन, जमलं तर कामही करीन. आजचं एखादं मॉडेल "त्यानं औषध घेतलं" ह्याचा अर्थ बरोबर लावेलही. पण अर्थ लावणं वेगळं आणि चपला घालून निघणं वेगळं. ट्रान्सलेटर एंटरप्राइजकडेही होताच की, आणि आपल्यापेक्षा साडेतीनशेच्या आसपास वर्षं पुढचा!

"मग काय, प्रत्येक अधिकाऱ्यानं डॅथॉनसारखं मरायचं का?" नाही हो. मरायला कुणी सांगत नाही. राहायला सांगतोय. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते, पलीकडे जुना आदिलाबाद जिल्हा. तिथं जोडेघाटला १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी गोंडांचा नेता कुमरम भीम ह्याला मारलं. मागणी जमिनीची आणि जंगलाची होती. हे असं का झालं ते समजून घ्यायला निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ ह्या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. त्यानं काय केलं? हैदराबादेत बसून फॉर्म नाही पाठवले. बायको बेटीसह मारलावई नावाच्या गोंड खेड्यात झोपडीत राहिला, गोंडी शिकला. १९४० च्या दशकातच तिथं गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र उभं राहिलं, गोंडीत वाचनपुस्तकं झाली, हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले. बेटी १९८७ ला गेली, तो १९९५ ला. दोघांच्या समाध्या मारलावईत आहेत. व्हिएन्नाचा माणूस गोंडांच्या गावात!

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की तो सरकारचा माणूस होता. आधी बंदूक आली, मागून मित्र आला. आणि डॅथॉनही काही संत नाही. त्यानं पिकार्डला न विचारता पळवलं, दोन यानांमध्ये युद्ध पेटायची पाळी आली. जबरदस्तीची मैत्री हा प्रकार मलाही पटत नाही. पण एक गोष्ट बघा. डॅथॉननं पिकार्डला ज्या धोक्यात टाकलं त्याच धोक्यात तो स्वतः उभा राहिला, आणि दोन खंजिरांतला एक आधी समोरच्याला दिला. आपल्याकडे धोका एकाच्या पाठीवर असतो आणि सूचना दुसऱ्याच्या टेबलावर लिहिली जाते. माझं भांडण ह्या वाटणीशी आहे.

आणि मंडळी, हे सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. आपला धंदा हाच आहे. तीस पानांच्या अटी आणि खाली एक चौकोन, 'आय ॲग्री'. ती बाटलीवरची पट्टीच आहे. समोरच्यानं वाचलं नाही हे आपल्याला माहीत असतं, त्यानं वाचलं नाही हे त्यालाही माहीत असतं, आणि उद्या काही झालं तर आपण म्हणणार, सांगितलं होतं. मी एका कंपनीत कम्युनिकेशनचं ट्रेनिंग घेतलंय. तिथं शिकवलं, की चिडलेल्या माणसाला आधी "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न" म्हणायचं. कन्सर्न काय आहे ते समजून घेण्यावर एक स्लाइड नव्हती.

मराठीत 'कळवणं' आणि 'कळणं' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या सगळ्या व्यवस्था पहिल्यावर थांबतात. कळवल्याची पोच मिळते, सही मिळते, लॉग मिळतो. कळल्याचा लॉग नसतो. म्हणून कळवणारा नेहमी निर्दोष सुटतो आणि ज्याला कळलं नाही तो मरतो. टामेरियन भाषेत अपयशासाठी तटबंदी कोसळल्याचा एक दृष्टांत आहे. आमच्याकडे त्या अर्थाचं वाक्य तयार आहे: यवतमाळ, २०१७.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो कुणी फवारणीची सूचना लिहितो, पट्टीचा रंग ठरवतो, किटचं कापड निवडतो, त्यानं सप्टेंबरात एक दिवस ते किट घालून, भरला पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीत फिरावं. विष नको, पंपात नुसतं पाणी भरा. सोबत ज्याच्यासाठी लिहिताय तो कास्तकार असू द्या, दुपारी त्याच्या डब्यातली भाकर खा, आणि संध्याकाळी मग बसून लिहा. बघा सूचना किती बदलते. जो ॲप लिहितो त्यानं आठवडाभर ते ॲप वापरणाऱ्याच्या शेजारी बसावं, तेही मोबाइलला एकच काडी रेंज असलेल्या गावात. खर्च फार नाही. आणि एका दिवसात सगळं कळतं असंही नाही, पण निदान आपल्याला काय कळत नाही ते कळतं. पिकार्डची सुरुवातही तिथूनच झाली होती.

एपिसोडच्या शेवटी टामेरियनांच्या भाषेत एका नव्या वाक्याची भर पडते. पिकार्ड आणि डॅथॉन, एल-ॲड्रेलला. अर्थ असा, की दोघं अनोळखी होते, एकानं जीव टाकला आणि ओळख झाली. पाना-पेचकसवाल्या मित्रांनो, ह्यापुढे चहावर हा विषय निघाला तर भाषा शक्य आहे का हे विचारू नका. आपण शेवटचं कुणाच्या वावरात उतरलो होतो ते विचारा.

असो. फवारणीचे दिवस आले की घरी फोन करा, आणि "औषध मारलं का" च्या आधी "तोंडाला काय बांधलं होतं" ते विचारा.